रशियाचा युद्धप्रचार खोडून काढताना: काय आधी करायचं, काय नंतर, आणि लोक कुठे चुकतात

ग्रुपवर कुणीतरी टाकतं की 'बुचा हे सगळं नाटक होतं, मेलेला माणूस हात हलवतोय बघा', आणि दोन मिनिटांत कुणीतरी 'फेक आहे हे' म्हणून एक इंग्रजी लिंक चिकटवतं. लिंक कुणी उघडत नाही, मूळ क्लिप मात्र आणखी चार ग्रुपात जाते, आणि खाली भांडण सुरू होतं ते अमेरिका, तेल आणि नेहरूंवर. (बुचा म्हणजे कीवजवळचं शहर, जिथे एप्रिल २०२२ च्या सुरुवातीला, रशियन सैन्य गेल्यावर, रस्त्यांवर नागरिकांचे मृतदेह सापडले.) युक्रेनचं युद्ध २०२२ पासून चालू आहे आणि तेव्हापासून हेच बघतोय. मनापासून खोटं खोडायला निघालेली माणसंसुद्धा सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतात, म्हणजे आधी वाद, मग पुरावा, आणि दावा नेमका काय होता हे कुणी लिहूनच काढत नाही. क्रम बदलला की अर्धं काम सोपं होतं, म्हणून खाली तो क्रमच दिलाय.

तयारी: बसायच्या आधी

शक्य असेल तर लॅपटॉप घ्या. मोबाईलवर गूगल लेन्स चालतं, पण व्हिडिओ फ्रेमफ्रेमने बघायला आणि दोन नकाशे शेजारी शेजारी ठेवायला मोठा स्क्रीन लागतोच. क्रोममध्ये इनव्हिड-वीव्हेरिफाय हे फुकट एक्स्टेन्शन टाकून घ्या, ते व्हिडिओच्या मुख्य फ्रेम काढून देतं. रिव्हर्स इमेज सर्चसाठी (म्हणजे चित्र टाकून ते आधी कुठे आलंय ते शोधायला) गूगल लेन्स, टिनआय आणि यांडेक्स तिन्ही हाताशी ठेवा. यांडेक्स रशियन कंपनी आहे, पण रशिया-युक्रेनमधल्या इमारती आणि रस्ते ओळखण्यात ते बऱ्याचदा गूगलपेक्षा पुढे असतं, फक्त घरचे खासगी फोटो तिथे चढवू नका. शिवाय वेबॅक मशीन (वेबपानाची त्या दिवसाची प्रत जपून ठेवणारी साइट), गूगल अर्थ प्रो (उपग्रहचित्रांचा नकाशा) आणि एक साधी वही किंवा डॉक्युमेंट.

रशियन येत नसेल तर अडत नाही, ब्राउझरचं भाषांतर कामापुरतं चालतं. मात्र एकाच भाषांतरावर आरोप उभा करू नका, दुसऱ्या टूलमधून तेच वाक्य परत काढून बघा.

आणि एक गोष्ट आधीच ठरवून टाका, की मोजमाप दोन्ही बाजूंना एकच. 'कीवचं भूत' नावाचा वैमानिक, ज्याने म्हणे एकट्याने कितीतरी रशियन विमानं पाडली, ती कथा होती हे युक्रेनच्या हवाई दलाने स्वतः एप्रिल २०२२ मध्ये मान्य केलं. काळ्या समुद्रातल्या स्नेक आयलंड या बेटावरचे सैनिक मेले असं युक्रेनने जाहीर केलं होतं, ते जिवंत निघाले. हे तुम्हीच आधी सांगितलंत तर समोरचा तुमचं पुढचं ऐकतो, लपवलंत तर पहिल्याच फटक्यात तुमचा विश्वास जातो.

१. दावा एका वाक्यात लिहून काढा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, म्हणून सगळ्यात आधी हीच. फॉरवर्डमध्ये तीन-चार गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात: एक घटना, एक आरोप, एक मत आणि वर भावनेचा तडका. त्यातून तपासता येईल असं वाक्य वेगळं काढायचं. 'पश्चिमेने युक्रेनला बळीचा बकरा बनवलं' हे मत आहे, त्याचं फॅक्टचेक होत नाही, सोडून द्या. 'भारताने रशियाकडून तेल घ्यावं' हेही मत. पण 'बुचामधले मृतदेह रशियन सैन्य गेल्यावर आणून टाकले' हे वाक्य तपासता येतं, कारण त्यात जागा आहे, वेळ आहे आणि कृती आहे.

चेक: लिहिलेल्या वाक्यात कुठे, कधी, कुणी, काय हे आहे का? नसेल तर अजून दावा तुमच्या हातात आलेलाच नाही, आणि त्याशिवाय पुढे गेलात तर साप साप म्हणून भुई धोपटणं होईल.

२. आधी जपून ठेवा, मग बोला

पोस्ट डिलीट होते. ९ मार्च २०२२ ला मारियुपोलच्या प्रसूतिगृहावर बॉम्ब पडला, त्यानंतर लंडनमधल्या रशियन वकिलातीने ट्विट केलं की फोटोतली गरोदर बाई अभिनेत्री आहे. ते ट्विट ट्विटरने काढून टाकलं. ज्यांनी आधी जतन केलं होतं त्यांच्याकडेच पुरावा राहिला, बाकीच्यांना 'असं कुणी म्हटलंच नव्हतं' ऐकून घ्यावं लागलं.

लिंक वेबॅक मशीनमध्ये टाका, पूर्ण स्क्रीनशॉट घ्या (तारीख, वेळ, अकाउंटचं नाव दिसेल असा), व्हिडिओ उतरवून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असेल तर 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' लिहिलंय का तेही नोंदवा.

सावधान: जतन करणं म्हणजे शेअर करणं नव्हे. मृतदेहांचे फोटो तर कुठेच पुढे पाठवू नका, ती कुणाची तरी आई आहे, मुलगा आहे.

३. उत्तर द्यायचंच आहे का, ते ठरवा

प्रत्येक थापेला उत्तर देणं हीसुद्धा चूक आहे. चेकफर्स्ट आणि रिसेट टेक या संस्थांनी जून २०२४ मध्ये 'ऑपरेशन ओव्हरलोड' नावाने जे उघड केलं ते प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे: रशियाधार्जिण्या अकाउंटांवरून जगभरच्या न्यूजरूम आणि फॅक्टचेकरांना ढिगाने ईमेल जात होत्या, की हा व्हिडिओ खरा आहे का तपासा. व्हिडिओ त्यांनीच बनवलेले. तपासणारे थकावेत आणि त्यांनी लेख लिहिला की त्याच निमित्ताने ती थाप आणखी पसरावी, असा दुहेरी डाव.

म्हणून बघा की हे तुमच्या माणसांपर्यंत खरंच पोचलंय का. तुमच्या सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, ऑफिसच्या ग्रुपात आलंय तर तिथे उत्तर द्या. कुठल्यातरी टेलिग्राम चॅनलवर चाळीस लोकांनी बघितलेली क्लिप उचलून, 'हे खोटं आहे बरं का' म्हणत चारशे लोकांना दाखवू नका.

४. उगम शोधा, शेअर करणारा नव्हे

आपण काकांशी भांडतो, पण काकांनी ते बनवलेलं नसतं. मागे मागे जात राहायचं: काकांना कुठून, त्या पेजला कुठून, त्या साइटला कुठून.

याचा नमुना म्हणून युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांच्या यॉटची गोष्ट बघा, कारण याच साच्यातून पुढे कितीतरी गोष्टी आल्यात. नोव्हेंबर २०२३ मध्ये आवई उठली की झेलेन्स्कीच्या जवळच्या माणसांनी मिळून साडेसात कोटी डॉलरच्या दोन यॉट घेतल्या, 'लकी मी' आणि 'माय लेगसी'. मागे गेलं की एक यूट्यूब चॅनल सापडतं ज्यावर तोच एक व्हिडिओ. तिथून ती बातमी 'डीसी वीकली' नावाच्या साइटवर आली. नाव वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रासारखं, पण पत्रकारांची प्रोफाइल बनावट. तिथून मोठमोठ्या अकाउंटांवर आणि शेवटी अमेरिकी संसदेत मदतीवर चाललेल्या वादापर्यंत. खरं काय ते विचारल्यावर विकणाऱ्यांनीच सांगितलं की दोन्ही यॉट अजून विकायलाच आहेत. त्याच्या आधीच्या महिन्यात कार्टियर या दागिन्यांच्या दुकानाची गोष्ट आली होती: झेलेन्स्कीच्या पत्नीने २२ सप्टेंबर २०२३ ला न्यूयॉर्कच्या दुकानात ११ लाख डॉलर उडवले म्हणे, पावतीचा फोटोसुद्धा. पण त्या तारखेला दोघं नवराबायको कॅनडात ओटावाला होते, सगळ्या जगाच्या कॅमेऱ्यांसमोर. एक तारीख तपासली की गोष्ट संपली.

म्हणजे साखळी अशी असते: एक अनोळखी 'साक्षीदार', मग कधी कधी दूरच्या देशातली पैसे देऊन छापलेली बातमी, मग बातमीदारासारखी दिसणारी खोटी साइट, मग प्रसिद्ध माणूस, मग आपला ग्रुप. आपल्यापर्यंत येईस्तोवर पहिल्या कड्या दिसेनाशा झालेल्या असतात.

दुसरा प्रकार म्हणजे खऱ्या वर्तमानपत्राची हुबेहूब नक्कल. 'डॉपेलगँगर' मोहिमेत श्पीगल, बिल्ड, गार्डियन अशांची डुप्लिकेट पानं बनवली, ती ईयू डिसइन्फोलॅबने सप्टेंबर २०२२ मध्ये उघडकीला आणली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने अशी ३२ डोमेन ताब्यात घेतली. गंमत अशी की त्या पानावरच्या बाकीच्या लिंक खऱ्या साइटवरच जायच्या, त्यामुळे इकडेतिकडे क्लिक करून शंका यायची नाही. म्हणून डिझाइन बघू नका, वरचा पत्ता अक्षर अक्षर वाचा, आणि त्या वर्तमानपत्राची खरी साइट वेगळ्या टॅबमध्ये स्वतः टाइप करून तिथे ती बातमी शोधा. बीबीसीचा लोगो असलेला व्हिडिओ आला तरी तेच करा: क्रामातोर्स्क स्टेशनवर एप्रिल २०२२ मध्ये क्षेपणास्त्र पडलं तेव्हा त्याचं खापर युक्रेनवर फोडणारा बीबीसीच्या नावाचा व्हिडिओ फिरला, बीबीसीने तो आपला नसल्याचं सांगितलं.

सावधान: 'फॅक्टचेक' असं नाव बघून भुलू नका. 'वॉर ऑन फेक्स' नावाचं रशियाधार्जिणं चॅनल युक्रेनच्या म्हणे खोट्या पोस्ट खोडून दाखवायचं, पण संशोधकांनी शोधलं तर त्यातल्या काही 'खोट्या पोस्ट' मुळात कुठे फिरलेल्याच नव्हत्या. आधी स्वतः बनवायची, मग स्वतःच खोडायची.

आणि चॅटबॉटला विचारून मोकळं होऊ नका. 'प्रावदा' नावाच्या साइटचं जाळं आहे, फ्रान्सच्या विजिनम संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यातल्या १९३ साइट मोजल्या. त्या स्वतः काही लिहीत नाहीत, रशियन टेलिग्राम आणि सरकारी माध्यमांचा मजकूर वेगवेगळ्या भाषांत ओतत राहतात, आणि बातम्यांच्या साइट तपासणाऱ्या न्यूजगार्डने मार्च २०२५ मध्ये दाखवलं की मोठे चॅटबॉट बऱ्याचदा तोच मजकूर उत्तर म्हणून परत देतात.

५. चित्र तपासा, पण नीट

रिव्हर्स सर्च करताना लोक पूर्ण स्क्रीनशॉट टाकतात, त्यावर मराठी कॅप्शन, इमोजी, कुणाचा तरी लोगो. सर्च त्या पट्ट्यांवरच अडकतं. आधी कापून घ्या. व्हिडिओ असेल तर पहिली फ्रेम घेऊ नका, ज्यात दुकानाची पाटी, विजेचा खांब, चौक, चर्च असं काही ठळक दिसतं ती घ्या. काही सापडलं नाही तर चित्र आरशासारखं उलटवून परत शोधा.

बहुतेक वेळा इथेच निकाल लागतो. मृतदेहाच्या पिशवीत हलणारा माणूस, 'युक्रेनी नटमंडळी' म्हणून फिरला, तो फेब्रुवारी २०२२ मधल्या व्हिएन्नाच्या हवामानबदलाविरुद्धच्या आंदोलनातला होता. 'युक्रेनचा डर्टी बॉम्ब' (किरणोत्सर्गी पदार्थ पसरवणारा बॉम्ब) म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये रशियाच्या बाजूने अधिकृतपणे टाकलेला एक फोटो स्लोव्हेनियाच्या किरणोत्सर्गी कचरा सांभाळणाऱ्या संस्थेचा, २०१० चा निघाला आणि त्यात स्मोक डिटेक्टर होते, हे स्लोव्हेनिया सरकारनेच सांगितलं. विमानं पाडतानाचे 'लाइव्ह' व्हिडिओ तर बऱ्याचदा 'आर्मा ३' या गेममधले असतात.

जिथे चित्र खरंच त्या जागेचं असतं आणि अर्थ खोटा लावलेला असतो, तिथे खरी मेहनत. बुचाची क्लिप घ्या. गाडी याब्लुन्स्का रस्त्यावरून चाललीय, आतून शूटिंग, दोन्ही बाजूला मृतदेह. दावा क्रमांक एक, एकाने हात हलवला. ही क्लिप चांगल्या प्रतीत मिळवा (फॉरवर्ड होऊन होऊन फाटलेली नको), वेग कमी करा आणि मृतदेहाकडे न बघता काचेकडे बघा. काचेवर पाण्याचा थेंब आहे, गाडी पुढे जाते तसा तो थेंब मृतदेहावरून सरकतो आणि त्या क्षणी आकार वाकतो. पावसाळ्यात गाडीच्या काचेतून बाहेरचा खांब बघा, तोही असाच वळवळतो. दावा क्रमांक दोन, आरशात एक मृतदेह उठून बसला. परत तेच, माणसाकडे बघू नका, आरशात त्याच्या मागे असलेल्या घराकडे बघा. घरही वाकतंय. घर तर उठून बसत नाही ना. आरशाच्या कडेला प्रतिमा ताणली जाते, बस.

चेक: विकृती फक्त संशयास्पद वस्तूत आहे की आजूबाजूच्या सगळ्यात? सगळ्यात असेल तर दोष काचेचा, कॅमेऱ्याचा किंवा कॉम्प्रेशनचा.

६. जागा आणि वेळ जुळवा

वेळेत मराठी वाचक हमखास फसतो, कारण टेलिग्राम तुम्हाला वेळ भारतीय दाखवतं. कीव आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतीन तास मागे, उन्हाळ्यात अडीच तास. मॉस्को बाराही महिने अडीच तास मागे. २०२२ मध्ये युक्रेनची घड्याळं २७ मार्चला बदलली. म्हणजे २० मार्चला तुमच्या फोनवर दुपारी २ वाजता दिसणारी पोस्ट कीवमध्ये सकाळी साडेदहाची, आणि ३० मार्चला तीच वेळ साडेअकराची. हा एक तास विसरला की 'हल्ल्याच्या आधीच बातमी टाकली' असे शोध लागतात.

आता बुचाची टाइमलाइन कागदावर मांडा. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाचं म्हणणं, आमचं सगळं सैन्य ३० मार्चला निघून गेलं, महापौरांनी ३१ तारखेच्या व्हिडिओत मृतदेहांचं काही म्हटलं नाही, म्हणजे नंतर रचलं. ऐकायला बिनतोड वाटतं. पण मॅक्सार या अमेरिकी कंपनीच्या उपग्रहाने १९ मार्चला टिपलेल्या चित्रात त्याच याब्लुन्स्का रस्त्यावर, त्याच ठिकाणी ते आकार दिसतात जिथे एप्रिलच्या व्हिडिओत मृतदेह आहेत. १९ मार्चला शहर रशियाच्या ताब्यात होतं. महापौर काय बोलले, काय नाही, याने त्यात काही बदलत नाही. उत्तर लिहिताना महापौरांच्या व्हिडिओवर चार परिच्छेद वाया घालवू नका, थेट १९ मार्चवर या.

मारियुपोलला जागेचा घोळ होता. हल्ल्याच्या दोन दिवस आधी रशियाच्या प्रतिनिधीने संयुक्त राष्ट्रांत ज्या इस्पितळात अझोव या युक्रेनी तुकडीचे सैनिक बसलेत म्हणून सांगितलं ते क्रमांक १ चं प्रसूतिगृह, बॉम्ब पडला तो क्रमांक ३ वर. आणि 'एकाच बाईने दोन भूमिका केल्या' हे तर सरळ खोटं: फोटोत दोन वेगळ्या बायका आहेत, जिना उतरणारीने एक-दोन दिवसांत मुलीला जन्म दिला, स्ट्रेचरवरची आणि तिचं बाळ दोघंही गेली.

७. एकमेकांना खाणारे दावे बाजूबाजूला ठेवा

या प्रचाराचं वैशिष्ट्यच हे, की तुम्ही एक गोष्ट मानावी असा आग्रह नसतो. दहा गोष्टी फेकायच्या आणि माणसाने कंटाळून 'कुणास ठाऊक खरं काय' म्हणावं. १७ जुलै २०१४ ला पूर्व युक्रेनवर मलेशिया एअरलाइन्सचं एमएच१७ हे प्रवासी विमान पडलं, २९८ माणसं गेली. आधी सांगितलं सुखोई-२५ लढाऊ विमानाने पाडलं, मग टीव्हीवर उपग्रहचित्र म्हणून एक फोटो दाखवला जो जोडून बनवलेला निघाला, मग २०१५ मध्ये बूक हे विमानविरोधी क्षेपणास्त्र बनवणाऱ्या रशियन कंपनीनेच सांगितलं की बूकनेच पडलं पण युक्रेनने सोडलं. सुखोई की बूक? दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. नेदरलँडच्या कोर्टाने १७ नोव्हेंबर २०२२ ला तिघांना दोषी ठरवलं, क्षेपणास्त्र रशियाधार्जिण्या फुटीरवाद्यांच्या ताब्यातल्या भागातून सुटल्याचं मानून.

अशा वेळी एकेक दावा खोडत बसू नका. एका कोष्टकात तारखेनुसार लिहा: कधी, कोण, काय म्हणालं. ते कोष्टकच तुमचं उत्तर.

८. अर्ध्या सत्याला 'साफ खोटं' म्हणू नका

इथे चांगले चांगले लोक आपटतात. 'युक्रेनमध्ये अमेरिकेच्या बायोलॅब' हा दावा आला की घाईने लिहितात 'असल्या लॅब नाहीतच'. आहेत की. २००५ च्या करारानुसार अमेरिका युक्रेनच्या आरोग्य प्रयोगशाळांना मदत देत आली, हे जाहीर आहे. ध चा मा पुढे झालाय: रोगनिदानाच्या प्रयोगशाळेचं जैविक अस्त्रांचा कारखाना केलं. संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण प्रमुखांनी मार्च २०२२ मध्ये सांगितलं की अशा कुठल्याही अस्त्र कार्यक्रमाची आम्हाला माहिती नाही. चौकशीसाठी रशियाने आणलेला ठराव २ नोव्हेंबर २०२२ ला सुरक्षा परिषदेत पडला, बाजूने रशिया आणि चीन, विरोधात तीन, तटस्थ दहा, आणि त्या दहांत भारत होता.

लिहिताना क्रम ठेवा: यात खरं किती, वळण कुठे घेतलं, वळणाला पुरावा काय दिला.

९. लिहा आणि पाठवा

पहिलं वाक्य खऱ्या घटनेचं, थापेचं नाही. लोक पहिलं वाक्यच वाचतात. थाप एकदाच, तीही थोडक्यात. मग सगळ्यात मजबूत एक पुरावा, फार तर दोन. मूळ चित्र वापरावंच लागलं तर त्यावर आडवं 'खोटा दावा' असं मोठं लिहून, म्हणजे कापून परत फिरणार नाही. मराठीत लिहा, इंग्रजी लिंक शेवटी.

आपल्याकडचंच उदाहरण घेतो. २ मार्च २०२२ ला रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने म्हटलं की खारकीवमध्ये युक्रेनी सैन्याने भारतीय विद्यार्थ्यांना ओलीस धरलंय. त्या दिवसांत इथे किती आईबापांच्या पोटात गोळा आला असेल. उत्तर असं चाललं असतं:

'काका, खारकीवमधली मुलं अडचणीत आहेत हे खरं आहे, पण कुणाला ओलीस धरल्याची एकही तक्रार आपल्याकडे आलेली नाही असं आपल्याच परराष्ट्र मंत्रालयाने ३ मार्चला सांगितलंय. ओलीस धरल्याचं रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने म्हटलं, नाव किंवा पुरावा दिलेला नाही. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं निवेदन खाली देतोय. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांना कृपया आधीचा मेसेज पाठवू नका.'

बघा, यात काकांना खोटारडं म्हटलेलं नाही, रशियाला शिव्या नाहीत, आणि पुरावा काकांचा ज्यावर विश्वास आहे त्या ठिकाणचा आहे. अमेरिकन वर्तमानपत्राची लिंक दिली असती तर चर्चा तिथेच भरकटली असती. मोठ्या माणसांना शक्यतो आधी वैयक्तिक मेसेज करा, त्यांनी स्वतः ग्रुपात दुरुस्ती टाकली तर तिचं वजन तुमच्या दहा मेसेजपेक्षा जास्त. त्याच आठवड्यात 'भारतीयांसाठी सहा तास युद्ध थांबवलं' हेही जोरात फिरलं होतं आणि तेही आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने चुकीचं म्हणून सांगितलं. दुरुस्ती करताना आपल्या बाजूच्या गोड बातमीलाही सूट देऊ नका.

पाठवण्याआधी एवढं तपासा: प्रत्येक तारीख परत वाचली का, भारतीय वेळ आणि तिकडची वेळ वेगळी लिहिली का, जे माहीत नाही त्यावर ठाम वाक्य तर नाही ना, आणि लिंक उघडते का.

नंतर सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा: दावा, जतन केलेली लिंक, पुरावा, तुमचं उत्तर. अशा जुन्या क्लिप परत परत येतात, कधी नव्या कॅप्शनसकट, कधी दुसऱ्याच युद्धाच्या नावाने. तेव्हा फोल्डर उघडायचा, कॅप्शनमध्ये नवीन काय जोडलंय तेवढंच तपासायचं आणि जुनं उत्तर तारीख बदलून टाकायचं.